दार कोणाच्या आवाजाने उघडतं? ‘रेक २’ या सीक्वेलचा प्रकरण अभ्यास

पहिला ‘रेक’ हा साथीचा स्पॅनिश भयपट जिथे संपतो तिथून पुढे जायला वाटच ठेवलेली नाही. इमारतीतले रहिवासी, पोलीस, अग्निशमन दलाचे जवान, जवळपास सगळे एकतर मेलेत किंवा चावरे झालेत. कॅमेरामन गेला. वार्ताहर आंखेला विदाल जमिनीवर पालथी पडलीय आणि अंधारातून कुणीतरी तिला मागे ओढून नेतं. कॅमेरा तेवढा चालू राहतो. अशा चित्रपटाचा दुसरा भाग काढायचा म्हणजे निर्मात्यापुढे साधारण दोनच पर्याय उरतात. नवी इमारत शोधायची आणि नवी माणसं मारायची, नाहीतर ‘साथ आता शहरभर पसरली’ म्हणत कथा मोठी करायची.

जाउमे बालागेरो आणि पाको प्लाझा या दोन स्पॅनिश दिग्दर्शकांनी दोन्ही पर्याय नाकारले. ते त्याच इमारतीत, त्याच रात्री, जवळपास त्याच मिनिटाला परत गेले. बंद जागेतल्या साथीच्या भयपटाचा दुसरा भाग कसा करावा आणि कुठे करू नये, हे एकाच चित्रपटात पाहायचं असेल तर २००९चा ‘रेक २’ हे मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं प्रकरण आहे. पुढे दोन्ही भागांचे शेवट उघड केले आहेत. ते लपवून या चित्रपटाबद्दल कामाचं काही बोलता येत नाही.

पार्श्वभूमी

२००७च्या पहिल्या भागाची गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते. रात्रपाळीत काम करणाऱ्या लोकांवरच्या एका टीव्ही कार्यक्रमासाठी आंखेला आणि तिचा कॅमेरामन बार्सिलोनातल्या अग्निशमन केंद्रात जातात, तिथून जवानांबरोबर एका जुन्या इमारतीत पोहोचतात, आणि घरात अडकलेली एक म्हातारी पोलिसाला चावते. त्यानंतर बाहेरून दार बंद होतं.

हे सगळं एका कॅमेऱ्यातून दिसतं. पाब्लो नावाच्या कॅमेरामनचं काम पाब्लो रोसो या खऱ्या छायाचित्रणकारानेच केलंय, म्हणजे जो पळतोय तोच चित्रण करतोय. आंखेला झालेली मानुएला वेलास्को आधी टीव्हीवर निवेदिका होती, त्यामुळे हातात माइक धरण्याची सवय तिला शिकवावी लागली नाही. त्या वर्षीचा नवोदित अभिनेत्रीचा गोया पुरस्कार, म्हणजे स्पेनमधला चित्रपट पुरस्कार, तिला मिळाला. बालागेरो आणि प्लाझा यांनी २००२मध्ये एका गाण्याच्या रिअॅलिटी शोमधल्या स्पर्धकांच्या दौऱ्यावर मिळून माहितीपट केला होता, हे फारसं सांगितलं जात नाही. टीव्हीचा कॅमेरा कधी घाई करतो, कधी उगाच रेंगाळतो, बोलणाऱ्याकडे पोहोचायला अर्धा सेकंद उशीर कसा करतो, हे त्यांना ठाऊक होतं. तो अर्ध्या सेकंदाचा उशीर पहिल्या भागात सगळ्यात जास्त घाबरवतो.

कलाकारांना पुढचं सगळं आधी सांगितलं जात नसे. जिन्याच्या मधल्या पोकळीतून वरून एक जवान धाडकन खाली येऊन आदळतो, त्या क्षणी खाली उभ्या असलेल्यांचं दचकणं अभिनयाचं नाही म्हणतात. पडद्यावर पाहताना ते सहज पटतं.

मला मात्र पहिल्या भागात चावण्यापेक्षा आणि रक्तापेक्षा दाराची व्यवस्था जास्त महत्त्वाची वाटते. बाहेर पोलीस, भोंग्यावरून सूचना, इमारतीवर प्लास्टिकचं आवरण, खिडकीजवळ जाऊ नका असा हुकूम. आतल्यांना काय झालंय ते कुणी सांगत नाही. मग अंगभर संरक्षक पोशाख घालून आरोग्य खात्याचा एक माणूस येतो आणि तुकड्यातुकड्यांनी माहिती देतो. इमारतीतल्या एका लहान मुलीचा कुत्रा पशुवैद्याकडे नेला होता, तिथे तो पिसाळला, त्याच्यावरून हा पत्ता सापडला. रोग लाळेतून पसरतो आणि रक्तगटानुसार कुणाला लवकर, कुणाला उशिरा लक्षणं दिसतात. त्या मुलीला टॉन्सिल झालेत असं तिची आई सांगत असते, आणि सगळे एकदम त्या मुलीकडे पाहतात. एका वाक्यात शेजारी शेजाऱ्याचा वैरी होतो. बाहेरच्यांनी लावलेलं कुलूप आतल्यांच्या मनात जाऊन बसतं.

अडचण नेमकी कोणती

बंद जागेतल्या भयपटाचं भांडवल एकदाच खर्च होतं. जागा कळली की भीती अर्धी संपते. जिना कुठे, तळमजल्यावर काय, सगळ्यात वरच्या कुलूपबंद घरात कोण, हे प्रेक्षकाला माहीत झालेलं असतं. रोगाचंही तसंच. चावल्यावर काय होतं हे दोनदा पाहिलं की तिसऱ्यांदा दचकायला होत नाही. कॅमेऱ्याची युक्तीही वापरून झालेली. २००९पर्यंत हातातल्या हलत्या कॅमेऱ्याचे भयपट इतके आले होते की त्या हलण्याने नुसतं गरगरायला व्हायचं.

म्हणजे जागा, रोग आणि कॅमेरा ही तिन्ही पानं उघडी पडलेली. चौथं पान होतं दार, आणि ते पहिल्या भागात अर्धंच खेळलं होतं. तिथे दार फक्त बंद होतं. ते कुणी, कशावर उघडायचं, हा प्रश्न विचारलाच नव्हता, कारण आतल्या कुणालाही ते उघडण्याचा अधिकार नव्हता.

परत जाण्याचा निर्णय

दुसरा भाग सुरू होतो तो पोलिसांच्या गाडीत. विशेष कारवाई पथकाचे चार जवान, हेल्मेटवर कॅमेरे, हातात बंदुका. बरोबर आरोग्य मंत्रालयाचा म्हणून डॉक्टर ओवेन नावाचा माणूस (भूमिका जोनाथन मेलर यांची). काम सांगितलंय ते असं की आत जायचं, परिस्थिती पाहायची, डॉक्टर सांगतील ते करायचं.

हे आत शिरतात तेव्हा आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत असतं. जिन्यावरचं रक्त कुणाचं, हातकडी कुणाच्या हातात होती, वरच्या घरात काय आहे, हे जवानांना ठाऊक नाही, आपल्याला आहे. पहिल्या भागात आपण आंखेलाच्या बरोबर अडाणी होतो. दुसऱ्यात आपण शहाणे आणि ते अडाणी. भीतीची जात बदलते. आधी ‘काय असेल’ याची भीती होती, आता ‘अरे, तिकडे जाऊ नका’ याची आहे. त्याच जागेत परत जाण्याचा हा खरा नफा, आणि नवी इमारत घेतली असती तर तो मिळालाच नसता. बहुतेक सीक्वेल जागा वाढवतात ते पैसा दाखवायला. इथे जागा तशीच ठेवून प्रेक्षकाची जागा बदलली.

पण यात एक मोठं भोक आहे. बंदूकधारी जवान आणले की प्रेक्षकाची काळजी कमी होते. अग्निशमन दलाच्या निःशस्त्र माणसाला जिन्यात पाहून जे वाटतं ते चिलखत घातलेल्या माणसाला पाहून वाटत नाही. शिवाय पहिल्यातले लोक अडकलेले होते, हे आपणहून आलेत. पथकाला भीती वाटली तर ते मागे फिरतील, खाली दार आहे, बाहेर त्यांचेच लोक उभे आहेत. मग भीती कसली?

आवाजाचं कुलूप

याचं उत्तर चित्रपट पहिल्या काही मिनिटांतच देतो आणि माझ्या मते त्यावरच हा सगळा चित्रपट उभा आहे. दार उघडण्याचा हुकूम फक्त ओवेन देऊ शकतो. तोही बाहेरच्या यंत्रणेने त्याचा आवाज ओळखल्यावर. जवानांच्या प्रमुखाने कितीही ओरडून सांगितलं तरी बाहेरचे हलणार नाहीत. ओवेनचं काम पूर्ण होईपर्यंत कुणीही बाहेर येणार नाही, आणि काम पूर्ण झालं की नाही हे ठरवणारा ओवेनच.

एका नियमाने बंदुकांची किंमत शून्य झाली. बंदूक असलेला माणूस कुलपाला गोळी घालू शकतो, आवाजाला नाही. त्यातून ओवेनला मारून चालत नाही. तो मेला तर किल्ली गेली. ज्याचा सगळ्यांना संताप येतोय त्यालाच सगळ्यांनी जपायचं. पथक आणि ओवेन यांच्यातला ताण चावऱ्या लोकांपेक्षा जास्त पकड घेतो. जवान मरू लागल्यावर प्रमुख त्याच्यावर बंदूक रोखतो आणि आपल्याला कळतं की ही बंदूक पोकळ आहे.

हा नियम पटण्यासारखाही आहे. साथीत विलगीकरणाचा अधिकार असाच एका माणसाच्या सहीवर येऊन थांबतो. २०२०च्या उन्हाळ्यात मुंबई-पुण्यात ज्यांच्या इमारती सील झाल्या त्यांना वेगळं सांगायला नको. गेटवर आडवे बांबू, पालिकेचा फलक, आणि ‘सील कधी निघणार’ या प्रश्नाला सेक्रेटरीपासून नगरसेवकापर्यंत प्रत्येकाचं ‘वरून कळवतील’ हेच उत्तर. ‘रेक २’ त्याच्या अकरा वर्षं आधीचा. पण आज पाहताना त्यातला हा भाग आधीपेक्षा जास्त अंगावर येतो, आणि चावे कमी.

ओवेन लवकरच उघडा पडतो. पथकातला मार्तोस बाधित होतो आणि अंगावर धावून येतो तेव्हा हा ‘डॉक्टर’ औषधाची पेटी काढत नाही. तो जपमाळ आणि क्रूस पुढे करून प्रार्थना म्हणतो. मार्तोस खोलीत कोंडला जातो तो त्या जपमाळेच्या बळावर. ओवेन आरोग्य मंत्रालयाचा नाही, व्हॅटिकनने पाठवलेला धर्मगुरू आहे. त्याला हवंय ते सगळ्यात वरच्या घरात कोंडून ठेवलेल्या मेदेइरोस नावाच्या मुलीचं रक्त, कारण साथ तिच्यापासून सुरू झाली. ते मिळाल्याशिवाय तो बाहेर संदेश देणार नाही.

इथे इमारतीत दोन प्रकारची कुलपं झाली. खालचं दार आवाजावर, वरची खोली श्रद्धेवर. जवानांच्या हातात दोन्हींची किल्ली नाही. पटकथेत हे असं कुठे बोलून दाखवलेलं नाही आणि ते बरंच केलं.

कॅमेरे वाढवले, काय मिळालं

पहिल्या भागात एक कॅमेरा होता. इथे प्रत्येक जवानाच्या हेल्मेटवर एक, शिवाय चित्रण करणाऱ्या रोसोच्या हातात मुख्य कॅमेरा (हे पात्रही पाब्लो रोसो यांनीच केलंय आणि त्याला आडनावही त्यांचंच दिलंय). युद्धाच्या व्हिडिओ गेमसारखं दिसण्याचा धोका होता आणि काही ठिकाणी चित्रपट तसा दिसतोही. गोळ्या, आरडाओरडा, टॉर्चचे झोत. पहिल्या भागातली शांतता इथे नाही.

पण एका प्रसंगात हे कॅमेरे वसूल होतात. लार्रा नावाचा जवान पथकापासून तुटतो आणि मागे लागलेल्यांपासून पळत एका खोलीत स्वतःला कोंडून घेतो. दार फार वेळ टिकणार नाही. तो स्वतःवर गोळी झाडतो. हे आपण त्याच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यातून पाहतो. शेवटच्या क्षणी त्याचा चेहरा दिसत नाही, कारण कॅमेरा त्याच्याच कपाळावर आहे. जो मरतोय त्याच्या जागी आपणच असतो, आणि तो गेल्यावर कॅमेरा चालूच राहतो. नेहमीच्या चित्रणात दिग्दर्शकाने इथे हमखास जवळून चेहरा दाखवला असता आणि सगळं फुकट गेलं असतं.

मग साधारण मध्यावर चित्रपट अचानक थांबतो आणि काळ मागे जातो. शेजारच्या गच्चीवर तीन पोरं घरगुती व्हिडिओ कॅमेरा घेऊन टवाळक्या करत असतात. फुगवलेली बाहुली, फटाके, उनाडपणा. बंद इमारतीबद्दल कुतूहल वाटून ती पोरं गटारातून आत जाणाऱ्या दोन माणसांच्या मागे लागतात. त्यातला एक पहिल्या भागातल्या त्या आजारी मुलीचा बाप, जो औषध आणायला बाहेर गेला होता. दुसरा अग्निशमन दलाचा जवान. हे सगळे आत पोहोचतात आणि मागून वाट बंद केली जाते.

या पोरांवर बहुतेकांनी टीका केलीय आणि मीही त्यांच्या बाजूने बोलणार नाही. ती त्रासदायक आहेत, त्यांचं बोलणं कंटाळवाणं आहे आणि पथकाच्या बाजूने जमलेला ताण त्यांच्यामुळे सांडून जातो. प्रेक्षागृहात याच वेळी लोक मोबाइल काढत असणार. पण कथेच्या जोडणीत त्यांचं एक काम आहे. ‘दुसरी वाट असेल ना?’ हा प्रश्न प्रत्येक प्रेक्षक मनात विचारत असतो. गटाराची वाट दाखवून, तीही लगेच बुजवून टाकून, दिग्दर्शकांनी तो प्रश्न मिटवलाय. आता फक्त ओवेनचा आवाज उरला. हे काम पाच मिनिटांत आणि शहाण्या माणसांकडून करून घेता आलं असतं.

त्या बापाची गोष्ट मात्र अर्धवट सोडली याची चुटपुट लागते. औषध आणायला गेलेला माणूस घरी परत येतो तेव्हा घरच उरलेलं नाही. तिन्ही पोरं काढून फक्त त्याच्या हातात कॅमेरा दिला असता तर दुसरा भाग कुठच्या कुठे गेला असता.

रोगाचं भूत कसं झालं

आता सगळ्यात वादाचा निर्णय. पहिल्या भागात शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत ही साथ रेबीजसारखी वाटते. सगळ्यात वरच्या घरात भिंतींवरची कात्रणं आणि ध्वनिमुद्रण यंत्रातला आवाज यांतून एका झपाटलेल्या पोर्तुगीज मुलीचा आणि व्हॅटिकनचा उल्लेख येतो, पण तो इतका घाईत की नेमकं काय ते ठरवता येत नाही. हे घोंगडं भिजत ठेवणं शहाणपणाचं होतं. दुसऱ्या भागाने ते पिळून वाळत टाकलं. रोग म्हणजे सैतानाची बाधा, आणि बाधा रक्तात उतरते, चाव्यातून पसरते.

यात तोटा उघड आहे. रोगाला नियम असतात. खरा रेबीज लाळेतूनच पसरतो, पण चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा काही आठवडे ते महिने जातात. चित्रपटाने तो काळ मिनिटांवर आणला, तरी रक्तगटाचा नियम ठेवून हिशेबाला जागा ठेवली होती. कुणाला किती वेळ आहे याची आकडेमोड आतले लोक आणि आपण एकदमच करत होतो. बाधा आली की आकडेमोड संपते. मग शिव्या देणारी, घोगऱ्या आवाजात बोलणारी, छताला चिकटणारी माणसं येतात, आणि ती आपण याआधी खूप चित्रपटांत पाहिलेली आहेत. त्या तीन पोरांतल्या टीटो नावाच्या बाधित पोराला बांधून ओवेन त्याची उलटतपासणी घेतो तो प्रसंग थेट जुन्या भूतबाधेच्या चित्रपटांच्या वळणावर जातो. भीती वाटायला हवी तिथे थोडं हसू येतं.

पण त्याच उलटतपासणीतून एक गोष्ट हाती लागते ती फार चांगली आहे. ती मेदेइरोस मुलगी उजेडात सापडणार नाही. काही गोष्टी प्रकाशामुळेच दिसत नाहीत. वरच्या घरातला दिवा विझवून कॅमेरा अंधारात पाहण्याच्या सोयीवर टाकला की तिथे नसलेली जागा दिसू लागते. उजेडात साधी जमीन, अंधारात पाण्याने भरलेला हौद. पहिल्या भागात रात्रदृष्टीचा कॅमेरा नाइलाज म्हणून आला होता, कारण दिवा फुटला होता. इथे तोच कॅमेरा किल्ली झाला. रोगाच्या चौकटीत हे करता आलं नसतं. भूत आणल्याचा मोबदला म्हणून एवढं मी मान्य करतो.

आणखी एक गोष्ट बाधेमुळेच शक्य झाली. या इमारतीतले सगळे बाधित एकाच मनाने चालतात. एका मजल्यावरच्याने ऐकलेलं दुसऱ्या मजल्यावरच्याला कळतं. विषाणू ऐकत नाही, शिकत नाही. हा ऐकतो. तो ओवेनच्या संदेशाची पद्धतही ऐकत असतो. चित्रपट हे आपल्या डोळ्यांसमोर ठेवतो आणि आपण पाहत नाही.

शेवट

चित्रपट संपायला थोडाच वेळ असताना आंखेला परत येते. पहिल्या भागातली, कॅमेऱ्यासकट, जिवंत. तिला पाहून इतकं हायसं वाटतं की आपण तिच्याबद्दल शंकाच घेत नाही. ती ओरखडलेली, भेदरलेली, चिडलेली आहे आणि तिला फक्त बाहेर जायचंय. ओवेन नकार देतो. रक्त मिळालेलं नाही, एक कुपी हातातून गेलीय. ते वरच्या अंधाऱ्या घरात जातात, प्रमुख त्या हौदात ओढला जातो, आणि आंखेला त्या मुलीला बंदुकीने उडवते.

काम झालं, चला, असं सगळ्यांना वाटतं. ओवेनला नाही. रक्ताशिवाय तो बाहेर आदेश देणार नाही. तेव्हा आंखेला त्याला मारहाण करते, रोसो मरतो, आणि मग ओवेनला आणि आपल्याला एकदम कळतं. ती इतका वेळ कशी वाचली हा प्रश्न आपण विचारायला हवा होता. तिच्याच कॅमेऱ्यातलं चित्रण दिसतं. पहिल्या भागाच्या शेवटी अंधारात ओढली गेल्यावर त्या मुलीने तिच्या तोंडात तोंड घालून एक अळीसारखं काहीतरी तिच्या पोटात सोडलं होतं. आंखेला तेव्हापासून आंखेला नाही.

मग ती बिनतारी यंत्र हातात घेते आणि ओवेनच्या आवाजात बोलते. बाहेरची यंत्रणा आवाज ओळखते. दार उघडणार.

हा शेवट मला भयपटांतल्या सगळ्यात चांगल्या शेवटांपैकी वाटतो, आणि तो केवळ धक्का म्हणून नाही. चित्रपटाने सुरुवातीला एक नियम सांगितला, पुढे एकदाही तो मोडला नाही, आणि शेवटी त्याच नियमाने घात केला. बंदुका, क्रूस, कॅमेरे, कशानेही दार उघडलं नाही. ते उघडलं फक्त योग्य आवाजाने, ठरलं होतं अगदी तसंच. बाहेर उभ्या असलेल्या पोलिसांनी काहीच चुकीचं केलं नाही. विलगीकरणाची व्यवस्था जशी आखली होती तशीच चालली आणि म्हणूनच फसली.

इथे बाधेचा मुद्दाही फिरतो. रोग रोगच राहिला असता तर तो आवाज काढू शकला नसता. म्हणजे ज्या निर्णयाने चित्रपटाचा मधला भाग सैल झाला त्याच निर्णयाने शेवट मिळाला. हा व्यवहार फायद्याचा झाला का? माझं उत्तर हो असं आहे, पण टीटोची उलटतपासणी दुसऱ्यांदा पाहताना ते थोडं डळमळतं.

त्याच सुरुवातीपासून निघालेला दुसरा सीक्वेल

या प्रकरणाची गंमत अशी की त्याला तुलनेसाठी आयतं उदाहरण आहे. पहिल्या ‘रेक’ची अमेरिकी आवृत्ती २००८मध्ये ‘क्वारंटाइन’ या नावाने आली, जवळपास प्रसंगाला प्रसंग ठेवून, फक्त धर्म वजा करून. तिथे सगळ्यात वरच्या घरात मनुष्यनिर्मित विषाणू होता. पुढे अमेरिकी निर्मात्यांनी ‘रेक २’ची नक्कल केली नाही. त्यांनी २०११मध्ये जॉन पोग यांच्या दिग्दर्शनाखाली स्वतःचा वेगळा दुसरा भाग काढला, ‘क्वारंटाइन २: टर्मिनल’. विमानात एक प्रवासी पिसाळतो, विमान खाली उतरवलं जातं आणि प्रवासी विमानतळाच्या टर्मिनलमध्ये कोंडले जातात. हातातला कॅमेरा सोडून दिलाय, चित्रण नेहमीच्या पद्धतीचं.

म्हणजे ‘रेक २’ने जे जे केलं त्याच्या बरोबर उलट. नवी जागा, एक विषाणू, भूत नाही, कॅमेऱ्याची युक्ती नाही. माझ्यासारख्या बाधेवर नाक मुरडणाऱ्याला हाच आवडायला हवा होता. चित्रपट वाईट नाही, विमानातला पहिला भाग तर नेटका आहे. पण टर्मिनलमध्ये शिरल्यावर तो सुटतो. सामानाचे पट्टे, गोदामं, तळघर, अर्धा डझन दारं. कुठलं दार का बंद आहे आणि कुणाच्या हुकुमाने उघडेल हे एकदा नीट सांगितलंच नाही. मग पात्रं इकडून तिकडे पळतात आणि आपण वाट पाहतो. साथ पटण्यासारखी असूनही भीती राहत नाही, आणि शेजारी अशक्य साथ असलेला स्पॅनिश चित्रपट घाम फोडतो. रोगाच्या शास्त्रापेक्षा दाराचा कायदा महत्त्वाचा, हे या जोडीमुळे माझ्यापुरतं नक्की झालं.

पुढचे स्पॅनिश भाग थोडक्यात. तिसरा, २०१२चा, प्लाझा यांनी एकट्याने केला. लग्नाच्या मंडपात साथ येते, काही वेळाने हातातला कॅमेरा टाकून दिला जातो आणि चित्रपट विनोदाकडे वळतो. नवरीच्या हातात करवत देणारा हा भाग मजेशीर आहे, पण तो वेगळाच खेळ. चौथा, २०१४चा, बालागेरो यांचा. आंखेला आता समुद्रातल्या जहाजावर विलगीकरणात आहे. जहाज म्हणजे आदर्श बंद जागा. २०२०मध्ये योकोहामाला अडकवून ठेवलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना कोविड झाला, आणि त्या जहाजावर कामाला असलेल्या भारतीयांचे व्हिडिओ आपण इथे बसून पाहिले. त्या आठवणीने चौथा भाग पाहायला घेतला तर निराशा होते. जहाजाला दारच नाही, चहूकडे पाणी. कुणाचा आवाज, कुणाची सही, कशाचाच प्रश्न उरत नाही.

मराठीत या जातीचा चित्रपट म्हणजे २०२२चा ‘झोंबिवली’. आदित्य सरपोतदार यांनी डोंबिवलीतल्या नव्या गृहसंकुलात आणि शेजारच्या वस्तीत साथ आणली आणि कारण ठेवलं पाण्याचं. त्याचा बाज विनोदाचा, त्यामुळे भीतीच्या मापाने तो मोजू नये. पण संकुलाचं गेट कुणासाठी उघडायचं आणि कुणासाठी नाही, हा प्रश्न त्यात आपसूक आलाय, आणि आपल्याकडे तो परक्या देशातल्या धर्मगुरूपेक्षा लवकर समजतो. त्यावर एखादा अजिबात न हसवणारा दुसरा भाग कुणी केला तर मी पहिल्या दिवशी जाईन.

‘रेक २’ पाहायचा असेल तर दोन गोष्टी. पहिला भाग त्याच रात्री आधी पाहा. दोन्ही मिळून तीन तासांच्या आत संपतात आणि मध्ये दिवस गेले की जिन्यावरच्या रक्ताचा हिशेब विसरतो. दुसरं म्हणजे डब केलेली प्रत घेऊ नका, मूळ स्पॅनिशच उपशीर्षकांसह घ्या. शेवट ओवेनच्या मूळ आवाजावर बेतलेला आहे. तो आवाज दीड तास कानात बसलेला नसेल, तर बिनतारी यंत्रावर कोण बोलतंय हे कळायला एक क्षण जास्त लागतो आणि तोवर दार उघडून झालेलं असतं.